मानधनातले धन कुठे गेले?

मार्च २०२५मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात मकबूल फिदा हुसेन यांचे ‘ग्रामयात्रा’ हे चित्र १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरना, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ११८ कोटी रुपयांना विकले गेले. पुढच्याच महिन्यात तय्यब मेहता यांच्या एका चित्राला ६१ कोटी ८० लाख रुपये मिळाले. सप्टेंबरमध्ये वासुदेव गायतोंडे यांच्या १९७० सालच्या कॅनव्हासने ६७ कोटी ८ लाखांची मजल मारली. तिन्ही नावे मुंबईच्या कलाविश्वात घडलेली. साहजिकच या बातम्यांचे मराठी घरांतही कौतुक झाले आणि भारतीय कलेला सुगीचे दिवस आल्याची भावना सर्वत्र व्यक्त झाली.

बाजारापुरती ही भावना खोटी नाही. परंतु कलेचा बाजार आणि कलावंताचा चरितार्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हुसेन यांनी उमेदवारीच्या काळात मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरले. तय्यब मेहता यांनी कलाशिक्षणाआधी चित्रपट-संकलनाच्या खोलीत काम केले. गायतोंडे यांनी दिल्लीच्या निजामुद्दीन भागातील गच्चीवरच्या लहानशा बिऱ्हाडात अनेक वर्षे काढली. या तिघांपैकी कोणीही आज हे आकडे पाहायला हयात नाही. लिलावात हातोडा पडतो तेव्हा पैसा एका संग्राहकाकडून दुसऱ्या संग्राहकाकडे जातो. ज्याने ते चित्र रंगवले, त्याचा व्यवहार पहिल्या विक्रीबरोबरच संपलेला असतो.

वास्तविक कायद्याने तो संपलेला नाही. कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने आलेले ‘५३-अ’ हे कलम सांगते, की चित्र, शिल्प वा रेखाटन दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले तर त्या किमतीत कलावंताचा किंवा त्याच्या वारसांचा वाटा राहील. हा वाटा कॉपीराइट मंडळाने ठरवायचा आणि तो दहा टक्क्यांहून अधिक असू नये, अशी तरतूद होती. पुढे २०१७मध्ये हे मंडळ दुसऱ्या न्यायाधिकरणात विलीन झाले, २०२१मध्ये ते न्यायाधिकरणही गुंडाळले गेले आणि अधिकार न्यायालयांकडे गेले. कलम जागेवर आहे. मात्र तो वाटा वसूल करून कलावंताच्या हाती ठेवणारी यंत्रणा उभी राहिली नाही. ब्रिटनने २००६मध्ये असाच हक्क लागू केला तेव्हा वसुलीचे काम कलावंतांच्या संस्थांवर सोपवले. आपल्याकडे हक्क दिला गेला, पण तो बजावण्याची वाट दाखवली गेली नाही.

तरीही लिलाव हा या प्रश्नाचा एक लहानसा कोपरा आहे. ज्यांची चित्रे पुन:पुन्हा विकली जातात असे चित्रकार मोजकेच. आजची समकालीन कला तर अनेकदा विकण्याजोगी वस्तूच निर्माण करत नाही. एखाद्या जुन्या गोदामात उभारलेले मांडणशिल्प प्रदर्शन संपताच मोडले जाते. सादरीकरण तासाभरात संपते. वस्तीतील रहिवाशांबरोबर सहा महिने काम करून सिद्ध झालेला प्रकल्प कोणाच्या दिवाणखान्यात टांगता येत नाही. या कलेचे जगणे विक्रीवर नव्हे, तर प्रदर्शनांवर, निवासी शिष्यवृत्त्यांवर आणि दर दोन वर्षांनी भरणाऱ्या महाप्रदर्शनांवर, म्हणजे बिएनालेंवर अवलंबून आहे. १८९५मध्ये व्हेनिसला सुरू झालेली ही प्रथा आज जगभर पसरली आहे. अशा प्रदर्शनांत विमानभाडे, विमा, मालवाहतूक, दिवे, छपाई आणि उद्घाटनाच्या मेजवानीसाठी तरतूद असते. कलावंताच्या श्रमासाठी मात्र ती असेलच असे नाही. त्याला प्रसिद्धी मिळते, ‘मोठे व्यासपीठ’ मिळते, माहितीपत्रकात नाव छापून येते. मराठीत या मोबदल्याला ‘मानधन’ असा एक नेमका शब्द आहे. समकालीन कलेच्या व्यवहारात त्यातील मान बहुधा मिळतो. धन राहून जाते.

हा प्रश्न केवळ कलावंताचाही नाही. एका मांडणशिल्पामागे सुतार, वेल्डर, वीजतंत्री, हमाल, प्रोजेक्टर लावणारे तंत्रज्ञ, कलावंताचे मदतनीस, प्रदर्शनाची गुंफण करणारे क्युरेटर, मजकूर लिहिणारे, अनुवादक, प्रेक्षकांना माहिती देणारे मार्गदर्शक आणि रात्रपाळीचे पहारेकरी एवढ्यांचे हात असतात. यांतील बहुतेकांचे काम प्रदर्शनापुरते असते. पुढचे काम कधी मिळेल, याची शाश्वती कोणालाच नसते.

केरळमधील कोची-मुझिरिस बिएनालेचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. बोस कृष्णम्माचारी आणि रियास कोमू या, मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात शिकलेल्या दोघा कलावंतांनी पुढाकार घेऊन १२ डिसेंबर २०१२ रोजी ती सुरू केली. फोर्ट कोचीतील जुन्या वखारी कलेने गजबजल्या आणि लाखो सामान्य माणसे समकालीन कला पाहायला रांगा लावू लागली. देशातील कलेच्या इतिहासात या उपक्रमाचे स्थान मोठे आहे, हे नाकारता येणार नाही. परंतु २०१८-१९च्या चौथ्या आवृत्तीनंतर उभारणीचे काम केलेल्या कंत्राटदाराने लाखो रुपये थकल्याचा जाहीर दावा केला, आयोजकांनी त्याचा हिशेब अमान्य केला आणि कामगारांच्या मजुरीचा प्रश्न प्रथमच चव्हाट्यावर आला. २०२२मध्ये पाचव्या आवृत्तीचे १२ डिसेंबरला खुले होणारे मुख्य प्रदर्शन ऐन वेळी पुढे ढकलण्यात आले आणि ते २३ डिसेंबरला खुले झाले. त्यानंतर सहभागी कलावंतांपैकी पन्नासहून अधिक जणांनी जाहीर पत्र लिहिले. उशिरा पोहोचलेल्या कलाकृती, प्रदर्शनस्थळी शिरलेले पावसाचे पाणी, विजेची अनिश्चिती आणि व्यवस्थापनातील संवादाचा अभाव यांवर त्यांनी बोट ठेवले.

त्या पत्राचे वैशिष्ट्य असे, की ते आयोजनाच्या द्वेषातून लिहिलेले नव्हते. बिएनाले टिकावी, अशीच स्वाक्षरी करणाऱ्यांची इच्छा होती. नेमके येथेच या क्षेत्रातील श्रमाचे वेगळेपण दिसते. गिरणी कामगार गिरणीवर प्रेम करत नसला तरी चालत असे; कलेच्या क्षेत्रात राबणारा माणूस मात्र कामावर मनापासून प्रेम करतो. त्यामुळेच त्याच्याकडून जास्तीचे काम काढून घेणे सोपे जाते. पैशाचा विषय काढणे त्याला स्वत:लाच संकोचाचे वाटते. जो काढतो तो ‘कटकट्या’ ठरतो आणि पुढच्या यादीत त्याचे नाव नसेल, ही भीती सर्वांना गप्प ठेवते. लेखी करार मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असा समज येथे अजूनही आहे.

हान्स आबिंग या डच चित्रकाराने, जो व्यवसायाने अर्थतज्ज्ञही आहे, २००२मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात कलावंत गरीब का असतात याची कठोर चिकित्सा केली. त्याच्या मते कलेच्या क्षेत्रात मोजक्यांना सर्व काही मिळते, त्या मोजक्यांच्या झगमगाटाने हजारो तरुण ओढले जातात आणि ते कमी पैशांतही काम करायला तयार असल्याने सर्वांचेच मोल घसरते. अनुदाने वाढवली तर गरीब कलावंतांची संख्याच वाढेल, असा इशाराही त्याने दिला. हा युक्तिवाद झटकून टाकण्याजोगा नाही. मात्र तो अनुदानाला लागू पडतो, मजुरीला नाही. एखाद्या संस्थेने कलावंताला बोलावले, त्याच्याकडून तीन महिने काम करून घेतले, त्या कामाच्या जोरावर पुरस्कर्ते आणि प्रेक्षक मिळवले, तर त्या कामाचे पैसे देणे हा दानधर्म नसून देणे असते. पुरवठा जास्त आहे म्हणून केलेल्या कामाची मजुरी बुडवावी, असे दुसऱ्या कोणत्या क्षेत्रात कोणी उघडपणे म्हणेल?

कलावंत हा पगारदार श्रमिक असू शकतो, हे अमेरिकेने एकेकाळी प्रत्यक्ष करून दाखवले होते. महामंदीच्या काळात, १९३५ ते १९४३ दरम्यान, तेथील सरकारच्या ‘फेडरल आर्ट प्रोजेक्ट’ने चित्रकारांना आठवड्याला सुमारे २४ डॉलर पगार देऊन कामाला लावले. जॅक्सन पोलॉक, ली क्रॅस्नर, मार्क रॉथको हे पुढे जगप्रसिद्ध झालेले चित्रकार त्या हजेरीपटावर होते. जानेवारी १९६९मध्ये ताकिस या ग्रीक शिल्पकाराने न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधील प्रदर्शनातून, आपल्याला न विचारता मांडलेले शिल्प स्वत:च उचलून बाहेर नेले. त्या घटनेतून ‘आर्ट वर्कर्स कोअ‍ॅलिशन’ ही चळवळ उभी राहिली. ‘कलावंत’ ऐवजी ‘कलाकामगार’ हा शब्द तिने रूढ केला. १९७१मध्ये त्याच संग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांनी संघटना बांधली.

अर्ध्या शतकानंतर तोच संघर्ष नव्याने पेटला. न्यूयॉर्कच्या ‘वेज’ या २००८मध्ये स्थापन झालेल्या गटाने ना-नफा संस्थांनी कलावंताला किती शुल्क द्यावे, याचे कोष्टकच तयार केले. संस्थेचा वार्षिक खर्च जेवढा मोठा तेवढे शुल्क अधिक, हे त्यामागचे साधे तत्त्व. २०१९मध्ये संग्रहालयांतील कर्मचाऱ्यांनी आपापले पगार एका खुल्या तक्त्यात लिहायला सुरुवात केली आणि उच्चशिक्षित माणसे किती तुटपुंज्या वेतनावर राबतात, हे जगापुढे आले. करोनाच्या साथीत, एप्रिल २०२०मध्ये, म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने कंत्राटी कलाशिक्षकांचे करार संपवले. २०२२मध्ये फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयातील कर्मचारी १९ दिवस संपावर गेले, तेव्हा कुठे त्यांचा पहिला वेतनकरार झाला. भिंतीवर कोट्यवधींची चित्रे आणि त्यांची देखभाल करणारे अस्थिर, हे दृश्य श्रीमंत देशांतही चुकलेले नाही.

या लढ्याची एक शाखा भारतीय मजुरांपर्यंत पोहोचते. अबुधाबीच्या सादियात बेटावर गुगेनहाइम संग्रहालयाची शाखा उभी राहणार होती. तेथील बांधकामावर भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातून आलेल्या मजुरांची स्थिती सुधारेपर्यंत त्या संग्रहालयाशी सहकार्य करणार नाही, असे २०११मध्ये शंभराहून अधिक कलावंतांनी जाहीर केले. ‘गल्फ लेबर’ नावाच्या या गटात मुंबईचे अशोक सुकुमारन हेही होते. २०१५मध्ये त्यांना संयुक्त अरब अमिरातीचा व्हिसा नाकारण्यात आला. संग्रहालयाची वीट रचणारा आणि त्यातील भिंतीवर चित्र लावणारा यांचे हित वेगळे नाही, हे या कलावंतांनी स्वत:ची संधी पणाला लावून सांगितले.

निषेधापलीकडे जाऊन काही देशांनी व्यवस्था घडवली. कॅनडातील चित्रकारांनी १९६८मध्ये ‘कारफॅक’ ही संघटना स्थापन केली आणि प्रदर्शनासाठी किमान शुल्काचे दर ठरवले. १९८८मध्ये त्या देशाने कायद्यातच कलावंताचा प्रदर्शन-हक्क मान्य केला. स्वीडनने २००९मध्ये प्रदर्शन-मोबदल्याचा करार केला. आयर्लंडने २०२२पासून सोडतीने निवडलेल्या दोन हजार कलावंतांना दर आठवड्याला ३२५ युरो मूलभूत उत्पन्न देण्याचा प्रयोग केला आणि ऑक्टोबर २०२५च्या अर्थसंकल्पात तो पुढे चालवण्याचे सूतोवाच झाले. या सर्वांत जर्मनीची व्यवस्था विशेष लक्षवेधी आहे. १९८३पासून तेथे कलावंतांसाठी स्वतंत्र सामाजिक विमा आहे. हप्त्याचा निम्मा भार कलावंत उचलतो. उरलेल्या निम्म्याचा मोठा भाग कलावंतांकडून काम करून घेणाऱ्या संस्था आणि कंपन्या अधिभाराच्या रूपाने भरतात आणि बाकीचा केंद्र सरकार देते. खरा कलावंत कोण, या वादात ही व्यवस्था फारशी पडत नाही. कलेतून वर्षाला ठराविक किमान उत्पन्न मिळवणारा तो कलावंत, एवढी व्यावहारिक कसोटी तिला पुरते. नवोदितांना सुरुवातीच्या काही वर्षांत त्यातूनही सूट असते.

महाराष्ट्रात काय चित्र आहे? १८५७मध्ये स्थापन झालेल्या सर ज. जी. कला महाविद्यालयाच्या या राज्यात दरवर्षी असंख्य मुले एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षा देतात. त्यातून काहीजण कलाशिक्षणाकडे वळतात. पदवी घेऊन बाहेर पडल्यावर त्यांच्यापुढे पूर्वी कलाशिक्षकाच्या नोकरीचा एक भरवशाचा मार्ग असे. चित्रकाराची चूल त्या पगारावर पेटे आणि सुटीच्या दिवशी कॅनव्हास उभा राही. मात्र २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टातच उच्च प्राथमिक शाळांसाठी कलेला ‘अंशकालीन निदेशक’ सांगितला आहे. म्हणजे कलाशिक्षकाची अस्थिरता कायद्यानेच गृहीत धरली. प्रदर्शन भरवायचे तर १९५२पासून चित्रकारांचे माहेर मानल्या गेलेल्या जहांगीर कलादालनासाठी वर्षानुवर्षे थांबण्याची तयारी हवी आणि दालनाचे भाडे, चौकटी, वाहतूक, निमंत्रणपत्रिका हा सारा खर्च चित्रकाराने स्वत:च सोसायचा. चित्रे विकली गेली नाहीत तर कलावंत पैसे न मिळवता नव्हे, पैसे घालवून घरी परततो. वृद्ध कलावंतांसाठी शासनाची मासिक मानधनाची योजना आहे. पण ती उतारवयातील मदत आहे, कामाच्या वयातील सुरक्षितता नव्हे.

नोव्हेंबर २०२५मध्ये देशात लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने ‘गिग’ कामगाराला, म्हणजे रूढ मालक-नोकर संबंधाबाहेर काम करणाऱ्याला, प्रथमच कायद्यात जागा दिली. व्याख्येच्या अंगाने पाहिले तर मांडणशिल्पकार आणि खाद्यपदार्थ पोहोचवणारा तरुण एकाच रांगेत उभे राहतात. परंतु या कामगारांसाठीचा निधी ज्या कंपन्यांच्या उलाढालीतून यायचा, त्या प्रामुख्याने अ‍ॅपद्वारे सेवा पुरवणाऱ्या कंपन्या आहेत. कलादालने, महोत्सव, कलामेळे आणि लिलावगृहे त्यांत सहज बसत नाहीत. नाव आहे, पण निधीचा झरा नाही, अशी ही अवस्था.

मार्ग शोधण्यासाठी जर्मनीपर्यंतच जायला हवे असे नाही. न्यूयॉर्कमध्ये कलाकामगार संघटित होत होते, त्याच १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून आलेल्या या कायद्यापुढचा प्रश्न हुबेहूब हाच होता. बाजारातील हमालाला एक मालक नसतो; आज या व्यापाऱ्याची गोणी, उद्या त्या व्यापाऱ्याची. मग त्याची मजुरी, भविष्यनिर्वाह निधी आणि बोनसची जबाबदारी कोणाची? कायद्याने उत्तर दिले: ती सर्वांची. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरील अधिभार मंडळाकडे भरायचा, मंडळाने कामगाराला मजुरी द्यायची आणि अधिभारातून त्याची सुरक्षितता उभी करायची. ‘अनेक मालक, कायम एकही नाही’ हा आज नवा म्हणून सांगितला जाणारा पेच मराठी कामगार चळवळीने अर्ध्या शतकापूर्वीच ओळखला होता. पुढे माथाडी मंडळांच्या कारभारात दोष शिरले, हे खरे. पण त्यामुळे मूळ कल्पनेचे मोल कमी होत नाही.

याच धर्तीवर कलाक्षेत्रातील श्रमिकांसाठी मंडळ उभारणे अशक्य नाही. लिलावगृहे, कलामेळे, मोठी दालने आणि कंपन्यांच्या पैशावर चालणारे महोत्सव यांच्या उलाढालीवर अल्प अधिभार लावला, तर आरोग्य विमा आणि निवृत्तिवेतनाचा पाया घालता येईल. ‘५३-अ’ कलमाखालचा वाटा वसूल करण्याचे कामही अशाच मंडळाकडे सोपवता येईल. त्याआधी दोन गोष्टी तर कायदा न करताही होऊ शकतात. सरकारी वा कंपन्यांच्या सामाजिक निधीतून पैसा घेणाऱ्या प्रत्येक प्रदर्शनाच्या अंदाजपत्रकात कलावंताचे शुल्क आणि उभारणी करणाऱ्यांची मजुरी या स्वतंत्र बाबी म्हणून दाखवाव्यात. आणि काम सुरू होण्यापूर्वी रक्कम व तारीख लिहिलेला करार दोघांच्या हाती असावा. लहान संस्थांची ओढगस्त खरी आहे. त्यांनी कमी द्यावे, मोठ्यांनी अधिक द्यावे. पण शून्य हा दर असू शकत नाही.

या मागण्या मान्य झाल्या म्हणून श्रेष्ठ कला निर्माण होईल, असा दावा कोणी करणार नाही. प्रतिभा विमापत्रावर फुलत नाही. पण आज कोण कलावंत होऊ शकतो, हे बऱ्याच अंशी घरच्या आर्थिक बळावर ठरते. ज्याच्या पाठीशी वडिलांचे घर आहे, तो दोन वर्षे फुकट काम करू शकतो. सोलापूर किंवा गडचिरोलीहून आलेली, घरी पैसे पाठवावे लागणारी मुलगी ते करू शकत नाही. ती जाहिरात संस्थेत किंवा शिकवणीत रमते आणि तिची कला आपल्याला कधी दिसतच नाही. मानधनातले धन गहाळ झाल्याची खरी किंमत ही आहे. आणखी पन्नास वर्षांनी लिलावात कोणाची चित्रे येतील, हे आज कोणाला काम करत राहणे परवडते यावरच ठरणार आहे.